खोली दोघांची, ओटी सगळ्यांची

हे मार्गदर्शन नवशिक्या जोडप्यांसाठी आहे. नवशिकी म्हणजे नवविवाहितच असं नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचे गुडघे आणि सोसायटीची टाकी यांतून दोघंच कुठे गेलेली नाहीत, अशी जोडपी याच इयत्तेत बसतात. तीही पहिल्या बाकावर. आम्ही त्या बाकावरून वर चढलो, म्हणून हा शिकवण्याचा अधिकार. बायकोच्या मते आम्ही अजून नापासच आहोत. तिचं मत जागोजागी येईल.

समजा, तुम्ही कोकणात समुद्राकाठी, नारळी-पोफळीच्या वाडीत ‘फक्त दोघांसाठी, कौलारू, निवांत’ अशी एक खोली फोनवर ठरवली आहे. गाव मुरुड. इथूनच सुरुवात करू, कारण पहिली चूक इथेच होते.

पाठ पहिला : कुठलं मुरुड?

महाराष्ट्रात समुद्रावर दोन मुरुड आहेत. एक रायगड जिल्ह्यातलं, जंजिऱ्याचं. दुसरं रत्नागिरी जिल्ह्यातलं, दापोलीपासून दहा-बारा किलोमीटरवरचं, हर्णै आणि कर्दे यांच्यामधलं. आपलं ते हे दुसरं. तिसरं मुरुड लातूर जिल्ह्यात, बार्शीच्या रस्त्यावर आहे. तिथे समुद्र नाही, पण मोबाइलला समुद्राचं काही पडलेलं नसतं.

‘आम्ही मुरुडला पोचलो, तुमचं घर सापडत नाही,’ असा फोन आमच्या घरमालकांना, म्हणजे काकांना, दर मोसमात एकदा तरी येतो. काका विचारतात, ‘समोर किल्ला दिसतो का? पाण्यात? मोठा?’ दिसत असतो. ‘मग असेच खाली या. आगरदांड्याला जंगलजेटीत गाडी चढवा, दिघीला उतरा. श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याला परत जंगलजेटी, पलीकडे वेसवी. मग केळशी, आंजर्लं, हर्णै. चहाला याल.’ लोक रात्रीच्या जेवणाला पोचतात. जंगलजेटी म्हणजे गाड्या वाहून नेणारी फेरीबोट. नाव ऐकून जंगल शोधू नये. दोन खाड्या ओलांडेपर्यंत ‘मी आधीच म्हणत होते’ हे भांडण होऊन जातं. सहलीत एक भांडण व्हायचंच असतं, ते प्रवासात उरकलेलं बरं.

पुण्याहून येणारे ताम्हिणी, माणगाव, आंबेत, मंडणगड असे येतात. रेल्वेने येणाऱ्यांनी खेडला उतरावं, तिथून दापोली साधारण तीस किलोमीटर. दोघांपैकी एकाला घाट लागतो. ज्याला लागतो त्याने मोबाइलवर नकाशा बघण्याचं काम घेऊ नये. पाठ संपला.

पाठ दुसरा : तुम्ही कुठले?

शहरातल्या हॉटेलात ओळखपत्राची झेरॉक्स घेतात. इथे आडनाव विचारतात, मग मूळ गाव, मग आजोळ. त्यानंतर काकू आतून ओल्या हाताने बाहेर येतात, कारण तुमच्या आत्तेच्या जावेचं माहेर आणि त्यांच्या थोरल्या वन्सांचं सासर यांच्यात काहीतरी निघालेलं असतं. कोकणात हे निघतंच. निघालं नाही तर काकू संशयाने बघतात आणि संध्याकाळपर्यंत काढतात.

‘आम्ही फक्त विश्रांतीला आलोय,’ असं नवशिकी जोडपी या वेळी सांगू बघतात. सांगू नये. त्यावर ‘का हो, बरं नाही का?’ असा प्रश्न येतो आणि पाठोपाठ सुंठीचा काढा.

यापुढे तुम्हाला गावात जो भेटेल तो एकच प्रश्न विचारेल: ‘कुणाकडे उतरलात?’ उत्तर पाठ करून ठेवा. ते दिलं की माणूस मान हलवतो, तुमची नोंद होते, आणि तुम्ही दुपारी कुठे होतात हे काकूंना तुमच्या आधी कळतं.

पाठ तिसरा : खोली

कौलारू कॉटेज म्हणजे पूर्वीचा गोठा. हे कुणी सांगत नाही, पण खिडकी जमिनीपासून किती वर आहे यावरून ओळखता येतं. गैरसमज नको. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, आत टाइल्स, एसी, मागे पोफळींची रांग. गाई सुखात राहत होत्या आणि आपणही राहतो. न्हाणीघरात एक बेडूक असतो, तो भाड्यात धरलेला आहे. त्याला हाकलायला काठी घेतलीत तर तो आत येईल. दिवा घालवून दोन मिनिटं बाहेर थांबा, आपण होऊन जातो.

गिझर असतो, पण काकूंचा विश्वास बंबावर. सकाळी साडेसहाला अंगणातून हाक येते: ‘पाणी तापलं हो! आधी कोण जाणार, तुम्ही की त्या?’ हा प्रश्न गडग्यापलीकडच्या दोन घरांनाही ऐकू जातो आणि ती घरंही उत्तराची वाट बघतात. पाचला वाडीच्या शिंपण्याचा पंप सुरू झालेला असतो, त्यामुळे ‘झोपलो होतो’ ही सबब चालत नाही.

माडाखाली खुर्ची टाकून फोटो काढायचा असेल तर आधी वर बघा. नारळ सांगून पडत नाही.

पाठ चौथा : झोपाळा

या सबंध अभ्यासक्रमातला हा सर्वांत अवघड भाग, म्हणून जरा सावकाश.

खोलीच्या जाहिरातीतला फोटो आठवा. ओटी, ओटीवर सागवानी झोपाळा, पितळी कड्या, झोपाळ्यावर कोणी नाही. तो बघूनच तुम्ही पैसे पाठवलेत. फोटोत झोपाळा रिकामा आहे, कारण फोटो काकांनी काढला. इतर वेळी त्यावर काका असतात. वर्तमानपत्र वाचताना, सुपारी कातरताना, पंपवाल्याशी फोनवर भांडताना आणि दुपारी आडवे. झोपाळा दोघांना पुरेसा आहे, म्हणूनच काका सरकून जागा करतात आणि म्हणतात, ‘या, बसा.’ नवरा जाऊन बसतो. मग नवरा आणि काका, अशी दोघं झोपाळ्यावर छान दिसतात.

बायकोचं म्हणणं असं की पहिल्या सहलीत मी काकांबरोबर एकूण सात तास झोके घेतले आणि तिच्याबरोबर शून्य. तासांचा आकडा मला मान्य नाही. शून्य मान्य आहे.

काकांना उठवण्याचे उपाय. ‘वाडी दाखवता का?’ असं विचारलं तर ते उठतात, पण मग तुम्हालाही उठावं लागतं. चहाची हाक आली तर ते उठत नाहीत, चहा तिथे येतो. सुपारीचा दर विचारला तर आणखी पक्के बसतात. एकच उपाय चालतो. त्याकडे शेवटी येऊ.

पाठ पाचवा : भाषा

वाडीत फिरताना काकू रिकाम्या जागा दाखवतील: ‘इथे रातांबा होता, निसर्गात गेला. त्या कडेच्या तीस पोफळी निसर्गात गेल्या.’ आमच्या आधी आलेल्या एका नवविवाहितेला हे फारच आवडलं. झाड मरत नाही, निसर्गात जातं, केवढी ही दृष्टी, असं ती म्हणाली. काकू तिच्याकडे बघत राहिल्या. निसर्ग हे चक्रीवादळाचं नाव. ३ जून २०२० रोजी ते रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि दापोली-मंडणगडच्या वाड्या आडव्या करून गेलं. पोफळ लावल्यापासून सुपारी हातात यायला पाच-सात वर्षं लागतात, माडालाही फार कमी नाहीत. म्हणजे आज जी वाडी ‘दाट हिरवी’ म्हणून तुम्ही टिपताय, तिच्यातली कितीतरी झाडं शाळकरी वयाची आहेत. बऱ्याच खोल्यांचं भाडं कुठल्या रिकाम्या जागेवर उभं आहे हे एकदा कळलं की घासाघीस करायला जीभ रेटत नाही. आमची तरी रेटली नाही.

काकूंचं ‘येत्ये’, ‘करत्ये’ ऐकून हसू नये. तुमचं ‘मी पण येते ना’ ऐकून त्याही मागच्या दारी हसतात.

पाठ सहावा : जेवण

ऐन वेळी सांगून जेवण मिळत नाही. रात्रीच्या उकडीच्या मोदकांचा आकडा सकाळी द्यावा लागतो. ‘दोघांचे मिळून किती?’ असं काकू विचारतात. हा चारित्र्याचा प्रश्न आहे. आम्ही शहाणपणाने ‘चार-चार’ म्हटलं, तर काकू ‘बरं’ म्हणाल्या आणि त्या ‘बरं’मध्ये आमच्या तब्येतींची, संसाराची आणि पुण्याची कीव होती. पुढच्या खेपेला बायकोने एकवीस सांगितले आणि तेव्हापासून काकू तिला अगं-तुगं करतात. मला अजून अहो.

मोदक चमच्याने कापायचा नाही. शेंडा मोडायचा, त्या भगदाडात तूप सोडायचं आणि तूप कडेने पळायच्या आत उचलायचा. एकमेकांना भरवणं वगैरे करू नका. काकू दारात उभ्या राहून मोजत असतात, त्यांचा हिशेब चुकतो. सकाळी घावन, दुपारी फणसाची कुयरी मिळाली तर नशीब, आणि मोकळ भाजणी हवी असेल तर तोंडाने मागावी लागते. पाहुण्यांना ‘असलं काय द्यायचं’ म्हणून ती घरच्यांसाठी ठेवतात.

आता माशांचा मामला. मुरुडच्या अशा बऱ्याच घरांत मासे चालत नाहीत, आणि चार किलोमीटरवर हर्णै बंदर आहे. तिथे संध्याकाळी होड्यांतला माल बैलगाड्यांनी वाळूवर येतो आणि तिथेच लिलाव होतो. पापलेट, सुरमई, कोळंबी, टोपल्यांभोवती बायकांची कडी आणि आकड्यांची खडाजंगी. नवशिक्यांनी त्या गोलात उभं राहून केस सारखे करण्यासाठी हात वर नेऊ नये. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा जाऊन ‘आज सामसूम का?’ असंही विचारू नये.

आम्ही एका खाणावळीत सुरमई खाल्ली, बडीशेप खाल्ली, वर पेरू खाल्ला, गाडीच्या चारी काचा उघड्या ठेवून परतलो. काकू ओटीवर होत्या. ‘हर्णैला जाऊन आलात वाटतं,’ त्या म्हणाल्या. पुढे काहीच बोलल्या नाहीत. जरा वेळाने दोन पेले सोलकढी आणून ठेवली: ‘घ्या, पचेल.’

पाठ सातवा : आजूबाजूची स्थळं, एकांताच्या दृष्टीने

*किनारा.* लांब, सपाट, सुंदर. पाण्यात घोट्यापलीकडे जाताना भरती-ओहोटी काकांना विचारून जावं. दर शंभर पावलांवर एक जण ‘डॉल्फिन?’ असं विचारतो. नाही म्हटलं तर विचारतो, ‘कुणाकडे उतरलात?’

*केशवराज.* आसूदला गाडी लावा. पाखाडीच्या पायऱ्या पोफळींच्या बागेतून खाली उतरतात, खाली ओहोळ, त्यावर साकव, आणि पलीकडे देवळापर्यंत चढ. वर दगडी गोमुखातून थंडगार पाणी सतत पडत असतं. उन्हाळ्याच्या भर दुपारीही या उतारावर ऊन नाण्याएवढं पडतं. आम्हाला वाटलं, मिळाला एकांत. साकवावर दोघंच. खाली पाणी, वर पाचूसारखा उजेड, बायकोने पंधरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. तेवढ्यात आकाशातून आवाज आला: ‘कुणाकडे उतरलात?’ सुपारी काढणारा गडी एका पोफळीच्या शेंड्यावरून दुसरीवर झोका घेत चालला होता. हे लोक खाली न उतरताच अर्धी बाग पार करतात. आम्ही वर बघून उत्तर दिलं. तो म्हणाला, ‘काकांना सांगा, परवा येतो.’ आम्ही निरोप दिला.

*कर्व्यांचं मुरुड.* याला सगळे पाच मिनिटं देतात, म्हणून मी जास्त देतो. महर्षी धोंडो केशव कर्वे याच गावात वाढले. पहिली पत्नी गेल्यावर त्यांनी १८९३ मध्ये पुण्यात गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई विधवा होत्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. या लग्नापायी मुरुडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. आपल्याच गावात, आपल्याच आईच्या घरी त्या दोघांना सरळपणे उतरता येईना. पुढे १९१६ मध्ये महिला विद्यापीठ, १९५८ मध्ये शंभरीत भारतरत्न, हे सगळं आपण शाळेत पाठ केलेलं असतं. बहिष्काराची ओळ धड्यात छोटी होती. आता त्याच गावात दर दुसऱ्या घरावर ‘जोडप्यांसाठी खोल्या उपलब्ध’ अशी पाटी आहे. मी हे काकांना म्हटलं. काका सुपारी कातरत होते. म्हणाले, ‘तेव्हाही विचारलंच असेल लोकांनी, कुणाकडे उतरलात.’ आणि अडकित्ता थांबवून जरा वेळ समोर बघत राहिले.

शेजारच्या मुर्डीचे श्री. ना. पेंडसे. त्यांच्या ‘गारंबीचा बापू’तही एका बाजूला बापू आणि राधा, दुसऱ्या बाजूला सगळं गाव. या मुलखात दोन माणसांची गोष्ट दोन माणसांत लिहिताच येत नाही, तिसरा म्हणून गाव असतंच. आपल्याला त्याच्याकडून फार तर सुंठीचा काढा मिळतो. गोदूबाईंना काय मिळालं ते वर आलंच.

*सुवर्णदुर्ग.* हर्णैसमोर समुद्रात. होडीने जाता येतं, उतरताना गुडघाभर पाणी गृहीत धरा. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने पेशव्यांशी हातमिळवणी करून तो तुळाजी आंग्र्यांकडून जिंकला. जेम्स परत गेला, श्रीमंत झाला, १७८३ मध्ये वारला. त्याच्या बायकोने पुढच्या वर्षी लंडनजवळ शूटर्स हिलवर त्याच्या आठवणीसाठी एक त्रिकोणी मनोरा बांधला आणि त्याला नाव दिलं सेव्हर्नड्रूग, म्हणजे आपला सुवर्णदुर्ग, गोऱ्या तोंडातून आलेला. तो आजही उभा आहे. बायको म्हणाली, ‘माझ्यासाठी काय बांधशील?’ मी ओल्या चपला हातात धरून विचार करत असताना होडीवाल्याने हाक मारली, ओहोटी सुरू झाली होती. काही प्रश्नांतून समुद्र सोडवतो.

*कड्यावरचा गणपती, आंजर्लं.* पांढरंशुभ्र देऊळ, उजव्या सोंडेचा गणपती. मूळ देऊळ खाली किनाऱ्यावर होतं, समुद्र आत आला तेव्हा देव पाऊल टाकून टेकडीवर आला, अशी आख्यायिका. वरून सुवर्णदुर्ग दिसतो. फोटो काढा, प्रसाद घ्या, उतरा.

*कासवं.* हिवाळा-उन्हाळ्याच्या सांध्यावर आंजर्ल्याला आणि वर वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जातात. मादी रात्री येते, वाळूत साधारण शंभर अंडी घालते, खड्डा बुजवते आणि जाते. मग पन्नासेक दिवस ती अंडी सांभाळणं हे गावकऱ्यांचं काम. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ते उभं केलं. घरट्यांवर टोपल्या झाकतात आणि सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात. नवशिक्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की टोपलीखाली काहीही नसू शकतं. आम्ही तीन वेळा पहाटे उठून गेलो. दोनदा रिकामी टोपली पाहिली, शे-दीडशे माणसांच्या गर्दीत, आणि प्रत्येकाने शेजारच्याला विचारलं, कुणाकडे उतरलात. तिसऱ्या वेळी सतरा पिल्लं निघाली. दोरीपलीकडे सगळी गर्दी एकदम गप्प झाली. एक पिल्लू वाट चुकून उजवीकडे वळलं, तेव्हा एवढ्या लोकांनी श्वास धरला आणि ते परत वळल्यावर एकदम सोडला. माहिती देणारा मुलगा सांगत होता की यातले नर पुन्हा जन्मात बहुधा किनाऱ्यावर यायचे नाहीत. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी सतरावं पिल्लू मोजत होतो.

पाठ आठवा : पुन्हा झोपाळा

शेवटच्या रात्री लाइट गेले. हाच तो उपाय. याची व्यवस्था तुम्हाला करावी लागत नाही. वारा जरा जोरात आला की कुठेतरी तारेवर झावळी पडते आणि सबंध मुरुड काळोखात जातं.

काका उठले. फ्यूज बघायला, बॅटरी शोधायला, शेजाऱ्यांकडे गेलेत का ते ओरडून विचारायला. झोपाळा एक-दोन झोके रिकामाच गेला. आम्ही दोघं काही न बोलता जाऊन बसलो. कड्या कुरकुरल्या. अंगणाच्या पलीकडे काजवे होते, फार नाही, पाच-सहा. आतून काकूंचा आवाज आला: ‘मेणबत्ती आणू का?’ बायको म्हणाली, ‘नको काकू.’ आतून जरा वेळ काही नाही. मग, ‘बरं.’ हा ‘बरं’ वेगळा होता.

किती वेळ गेला माहीत नाही. बायकोचा हात माझ्या हातात होता, आणि मला तिला काहीतरी सांगायचं होतं, बावीस वर्षांत कधी जमलं नव्हतं असं. मी घसा साफ केला.

‘भरती लागली,’ ओटीच्या पायरीवरून, अगदी दोन हातांवरून, काका म्हणाले.

आम्ही कान देऊन ऐकलं. खरंच लागली होती.